नववी पायरी

दांडिया बाजार, सुरसागरापासून चालत चार मिनिटं.
तीन मजले, दर्शनी रुंदी सोळा फूट,
सागवानी कठडा, दस्तऐवज चोख.
एवढं मी फोनवरच सांगून टाकतो.

परीखशेठ भिंतीला टिचक्या मारून बघतात.
सूनबाई खिडकीत फोटो काढते,
इथे कॉफी छान दिसेल म्हणते.
दिसेलही. ऊन चारला आत येतं, पितळी कडीपर्यंत.
हे मी सांगत नाही.

मीटर अजून कै. रघुवीर दिघ्यांच्या नावावर.
मुलगा टोरांटोहून विचारतो, गेलं का?
जसं दुखणंच.

जिन्यात मी पुढे.
सात, आठ,
आणि पाय आपोआप दहावीवर.
मागून शेठ: "नवमी केम छोडी?"

दुपारी सगळे झोपलेले असत.
ती पायरी बोंबलायची.
आमची खोली मागच्या अंगणात, भाडं अकरा रुपये,
आणि मी माडीवरून दिघ्यांची मासिकं
सदऱ्यात खुपसून उतरायचो.
एकदा वाजलीच.
दिघे जागे होते. बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पहिल्याच पायरीवर
नवा कोरा अंक.

"लाकूड मऊ झालंय तिथे," मी म्हणतो,
"भावात बघून घेऊ."