रुमालाखालचा भाव

मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघायचे तेव्हा
बाबा रुमालाखाली हात घालायचे.
वर चेहरे मख्ख, खाली बोटं बोलायची.
आणि ढेप तशीच बसलेली, घामेजून,
आपल्याला काय भाव आला तिला पत्ता नाही.

हे आठवलं शुक्रवारी रात्री पावणेबाराला
शाहूपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत.
किमतीच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता
आणि मी तिथं आकडा घातलाच नाही.

चार वर्षं लागली या खेळाला.
महापुरात आईपासून चुकलेलं रेडकू
पाण्यावर उरलेल्या पत्र्यांवरून, गच्च्यांवरून
गंगावेशीच्या दूधकट्ट्याकडं निघालंय.
एवढंच. शत्रू नाही, गुण नाहीत.
पाणी चढतं, उतरतं. रेडकू रेकतं
नौशाद जमादारच्या आवाजात,
गोधडीत तोंड खुपसून रेकॉर्ड केलेलं.

पंधरा दिवस, द्या वाटेल ते. शून्यही चालेल.
फाइल तुमची. नेट गेलं, आम्ही गेलो,
तरी रेडकू चालत राहील.

बाबांनी चष्मा चढवून वाचलं.
"कुलूप न्हाई?"
"न्हाई."
"एकानं घिऊन धा जणांस्नी दिला तर?"
"धा जण खेळतील."
"आन् भाव?"
"गिऱ्हाईक ठरवंल."
"मग रुमाल कुठाय?"
हसले नाहीत.

पहिले आले गारगोटीहून, सात रुपये.
मग बराच वेळ कुणी नाही.
मग कुठल्या थंड देशातल्या बाईचे अकराशे,
नाव वाचता येईना.
मग शून्य. शून्य. एकेचाळीस.
का एकेचाळीस?
एक शून्यवाला लिहून गेला, पगार दहाला, तेव्हा बघतो.
मी त्याला शिवी दिली, खरं सांगते.
नौशाद गप्प. त्याच्या कपाटात एक खेळ आहे,
पहिल्या पगारातला. डबा आहे, तबकडी आहे, पावतीसुद्धा,
पण कंपनीनं सर्व्हर बंद केला त्या दिवसापासून
आतलं दार उघडत नाही.
धूळ पुसतो अधूनमधून.

बाराव्या दिवशी आजऱ्याच्या पलीकडून फोन,
टेंबुगडे सर, शाळा डोंगरात, टॉवर नाही,
पेनड्राइव्हवर कुणाकडून तरी नेलेला.
मला वाटलं पैशाचं विचारतील.
"मॅडम, तिसऱ्या पत्र्यावर रेडकू अडकतंय.
सतरा पोरं दोन दिवस तिथंच थांबल्यात."

रात्रभर बसून तो पत्रा दोन बोटं खाली घेतला.
दुरुस्त फाइल पाठवली आजरा एसटीनं,
कंडक्टरला चहापाण्याचे वीस रुपये.
म्हणजे त्या गिऱ्हाइकाकडून मला आले उणे वीस.
हा आकडा वहीत कुठं मांडायचा
ते नौशादलाही सांगता आलं नाही.

शेवटच्या रात्री बाबा आले, खांद्यावरचा टॉवेल काढला,
कीबोर्डवर पसरला, हात आत घातला.
"सांग."
मी एकेक बोट दाबत गेले.
हजार कुठले, शेकडे कुठले, विसरत होते, परत धरत होते.
त्यांची बोटं अजून गुळासारखीच, खरखरीत नि चिकट.
चेहरा मख्ख.
"आन् त्यो धा तारखंचा?"
"न्हाई अजून."
"हूं," म्हणाले.
टॉवेल काढला नाही.