ओल्या डांबरावर

टायर घेताना मी दात बघून घेतले,
बैल घेताना बघतात तसे.
बोटभर खोल खाचा, मुठीएवढे ठोकळे,
कडेलासुद्धा नखं काढलेली.
गेथिन म्हणाला, "चिखलात राजा आहेत हे. पण पावसात, रस्त्यावर..."
पुढचं न बोलता त्याने पंजा हवेत आडवा सरकवला,
हातातून मासा निसटावा तसा.
मी पैसे मोजले.
गुरांच्या डॉक्टरला फाटकाशी अडकून चालत नाही.

अख्खा नोव्हेंबर त्यांनी तारून नेला.
लॅनगेरिगच्या वरच्या शेतात
ट्रॅक्टर मांडीभर रुतून ओशाळला होता,
तिथे माझा पिकअप रेड्यासारखा शिरला,
चिखल खात, चिखल थुंकत,
आणि पहाटे तीनला
ओल्वेनबाईंच्या गाईचं पायाळू वासरू
ओल्या पेंढ्यावर शिंकलं.
बाईंनी आधी गाईला थोपटलं, मग चाकाला.

पण घरी जायचं तर रस्ता लागतोच.
इथले कोरडे दिवस मोजायला
एका हाताची बोटं पुरतात,
तीही गारठ्याने मिटलेली.
चाळिसाच्या पुढे ठोकळे भुंग्यासारखे घुमू लागतात,
पन्नासला पिठाची गिरणी.
त्या आवाजात मला जोर वाटायचा.

रायाडरच्या चौकात, उतारावर, ब्रेक दाबला.
पाय थडथडला.
गाडीने ऐकलं.
ऐकलं, आणि पुढे गेली.
मागची बाजू मला न विचारता डावीकडे निघाली,
समोर घड्याळाचा मनोरा
सावकाश, अगदी सावकाश मोठा होत गेला,
आणि त्या लांबलेल्या क्षणात
मला कशाचं काय, हिंदुरावमामाचे पाय दिसले.

ताक, तेल, हळद मुरलेल्या लाल मातीत
अंगठे रोवून मामा उभा राहिला
की तिघांना हलायचा नाही.
त्याला एकदा पुण्यात मॅटवर उतरवलं होतं, निवड चाचणीला.
निळी, मऊ, परक्याच्या दिवाणखान्यासारखी मॅट.
बूट उसने, अर्धा नंबर मोठे.
त्यांच्या आत अंगठे माती शोधत राहिले.
दीड मिनिटात खेळ आटोपला.
"मला कुणी पाडलं नाही," तो शेवटपर्यंत सांगायचा,
"घसरलो."
आम्ही पोरं तोंडात पदर, रुमाल, जे मिळेल ते कोंबून हसायचो.

मनोऱ्यापासून दोन हातांवर थांबले.
सहा वाजून दहा मिनिटं.
चिप्सच्या दुकानातून नेरिस झारा घेऊनच धावत आली,
झाऱ्यातलं तेल पावसात ठिबकत होतं.
तिने मला बघितलं, घड्याळाला बघितलं,
आणि विचारलं, "व्हिनेगर घालू का?"

दुसऱ्या दिवशी गेथिनने दोन टायर शेजारी ठेवले.
साध्या टायरवर केसाएवढ्या चिरा, शेकडो.
"या पाणी पितात," तो म्हणाला. "तुझ्या ठोकळ्यांना त्या नाहीत.
दगडाने फाटू नये म्हणून रबरही कडक.
आणि या खाचा बघ. निम्मं चाक तर हवाच आहे.
रस्त्याला ते टेकतं किती?"
त्याने ओल्या फरशीवर आधी तळवा दाबला,
मग फक्त बोटांची पेरं.
पेरं सरकली.
"बदलू?"

मार्चपर्यंत नाही, म्हटलं. विणीचा हंगाम आहे.

आता पाऊस असला की
पुढच्या गाडीपासून अख्खं शेत सोडून चालवते.
मागचे दिवे मिचकावतात, एकाने हॉर्नही दिला.
देऊ दे.
उताराच्या खूप आधी, जिथे अजून काहीच दिसत नाही,
पाय हलकेच ब्रेकवर ठेवते
आणि काचेवर वायपर फिरत असतात तेव्हा
मोठ्याने म्हणते,
इथे मराठी कळणारं कुणी नाही म्हणून मोठ्याने,
घसरला होतास, मामा.
पडला नव्हतास.