हिरवं

हेन्रीकाने लिहिलेली लायब्ररी लहानच आहे.
दोनशे ओळी, त्यातल्या चाळीस नुसत्या मोकळ्या.
नाव वाका. तिच्या भाषेत म्हणजे तराजू.

ती आरडाओरडा करत नाही.
इतरांच्या टेस्ट चुकल्या की
ताटं पडल्यासारखा आवाज होतो,
पुढचं सगळं तिथेच ठप्प.
वाकाची फंक्शनं चूक उचलतात
आणि हातावर आणून ठेवतात:
अपेक्षित सात, मिळाले सहा,
तिसऱ्या बोटीची चौथी फेरी.
दोष कुणाचा, ते सांगत नाहीत.

एकात एक ओवत जायचं.
रिकामं नसावं, मग चढत्या क्रमाने असावं,
मग प्रत्येक फेरीला वेळ असावी.
मागचं कुणी काही लक्षात ठेवत नाही.
तेच दिलं की तेच परत.

फेब्रुवारीत, ओउलूत उणे सत्तावीस असताना,
आर्तो म्हणाला, माझ्या चौदाही हिरव्या.
तिने उघडून पाहिल्या.
तीन टेस्टमध्ये सगळी मांडामांड होती,
बोटी, धक्का, प्रवासी, वारा, बर्फाची जाडी,
आणि शेवटी
प्रश्नच नव्हता.
"या पास नाहीत," ती म्हणाली, "या गप्प आहेत."
आर्तो कॉफी ढवळत राहिला. साखर घातलेली नव्हती.

रात्री आठला ती वडिलांना फोन करते, केमियार्वीला.
कसे आहात?
बरा आहे.
आई गेल्यापासून चार वर्षं,
तेच दिलं की तेच परत.

त्या रात्री फोन ठेवता ठेवता तिने विचारलं,
आज चुलीत किती ओंडके टाकलेत?

बराच वेळ नुसती तारेतली खरखर.
दोन.
काल?
दोनच. लाकडं शेडमध्ये आहेत.
आणि शेड?
शेड आहे तिथेच आहे. गुडघा तिथवर जात नाही.

तिने वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं:
अपेक्षित आठ, मिळाले दोन.
त्याखाली काहीच नाही.

मग जेवणाचं विचारलं. बटाटे. कधीचे?
रविवारचे.
पायऱ्यांवरचा बर्फ? शेजारचा ऊर्हो येतो का?
ऊर्हो नोव्हेंबरातच वारला, ते म्हणाले,
तू विचारलं नाहीस.

खालून बर्फ ढकलणारी गाडी गेली,
तिचा नारिंगी दिवा स्वयंपाकघरभर फिरून निघून गेला.

आज फार विचारतेस, ते म्हणाले.
आणि फोन ठेवला नाही.