पांढरा लेप

पाटणकर बाजारातल्या आमच्या दुकानासमोर
सोळाव्या दिवशी व्हॅन परत आली.
डॉक्टर कुशवाह काही बोलले नाहीत,
गुरांच्या लसीची एक बाटली
माझ्या तळहातावर ठेवली फक्त.
कोमट.

मोटर नसलेला फ्रिज हा. घरघर नाही, थरथर नाही.
मागे एक ज्योत, करंगळीच्या पेराएवढी,
तिच्या जिवावर नळ्यांतून अमोनिया चढतो, उतरतो.
आगीनं बर्फ होतो
हे पटायला मला दोन उन्हाळे लागले, आणि तेही ग्वाल्हेरचे.

फाळके मिस्त्रींनी युनिट बाहेर ओढलं.
एक पत्रा युनिटचा, एक आतल्या पात्यांचा,
मधे लेप हवा होता.
नव्हता.
पत्र्याला पत्रा टेकतोय की, असं मी म्हटलं होतं स्वतःशी.
साडेचारशेची ट्यूब बिलात मात्र लिहिली होती,
माझ्याच अक्षरात.

मिस्त्रींनी स्टीलची पट्टी पत्र्यावर उभी धरली,
पलीकडून बॅटरी मारली.
पट्टीखालून उजेड झिरपला,
इथे केसभर, तिथे दोन केस.
"हवा बसलीय इथं," म्हणाले. "हवा म्हणजे गोधडी."
बिलाचं नाव काढलं नाही.

मग बंद पडलेलं एटीएम कार्ड माझ्या हातात.
रॉकेलच्या बोळ्यानं पत्रा पुसला, वाळू दिला,
लेप पसरला कडेपर्यंत.
मधेच एक बुडबुडा राहिला, तो पुन्हा सारवला.
युनिट दोघांनी पोटाशी धरून चढवलं,
स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, घाई न करता.
चारी कडांनी पांढरी रेघ बाहेर आली
तेव्हा त्यांनी हात पुसले.
"आता भेटले."

रात्री ताटावर बसलो तर नखांत पांढरं तसंच.
हेमलता म्हणाली, चुना लागलाय का बोटांना?
म्हटलं, नाही,
चुना मागच्या वेळी लावला होता.
तिला कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

गारवा धरायला सकाळ उजाडेल.
गच्चीवर अजून दगड तापलेले,
दोनदा जिना उतरून व्हॅनपाशी गेलो,
वाकून ज्योत पाहिली. निळी होती.
दार उघडलं नाही.