तारेचा खांब, संकेश्वर

गाव माळावरच्या झोपड्यांत.
घरांची कौलं सरकारी माणसांनी उतरवली,
ऊन आत शिरून गाठीचा ताप मरावा म्हणून.

बाबगोंडा चोरून येतो रोज,
मांजरीला दूध घालायला.
परतताना तारेच्या खांबाला कान लावतो.
गुंऽऽऽ
ना कानडी, ना मराठी.

तारमास्तर सांगत होता:
चीनमध्ये राजवाडा लुटला,
आफ्रिकेत गोऱ्यांनीच गोऱ्यांना कोंडलं,
कुणी जर्मन तळ्यावरून फुगा हाकतोय
बैलाशिवाय.
सगळं ह्याच तारेतून बेळगावच्या छावणीकडं जातं.

चंपव्वाला नेलं तेही तिकडंच.

वर कोतवाल बसलाय.
त्याच्या नखांखालून पेकिंग पडतं,
शेपूट तेवढी हलते.

बाबगोंडा खांबाशी तोंड नेतो,
इकडंतिकडं बघतो.
"मांजरी व्याली गं.
तीन."