पेव

एका मिनिटात बावन्न.
मोबाइलच्या उजेडात तुझ्या बरगड्या मोजते,
आत, बाहेर, आत,
मधेच शिट्टी होण्याआधी कुकर सुसकारतो
तसा बारीक आवाज.

यार्डातून आलेला तुझ्या बाबांचा शर्ट
बाहेरच्या दोरीवरच थांबतो.
हळद अंगाला लावायची, एवढंच ठाऊक होतं मला.
अभ्रे उकळले. गोधड्या उन्हात टाकल्या.
मांजर जाऊबाईंनी नेलं.
तरी माघात तुझी छाती वाजतेच.

एकदा, रात्री तीनला,
नेब्युलायझर घरघरत होता, तू मास्क ओढत होतास,
आणि मला वाटलं, उठावं,
संगमापर्यंत चालत जावं. एकटीनं.
एका पायात चप्पल घातलीही होती.

हे मिरजेच्या फाइलीत नाही.
फाइलीत तुझं वजन, तुझा कफ,
धुळीचं ते लांबलचक नाव.

नळी जोडता जोडता निलोफर सिस्टर म्हणाली,
"झोप लागते का?"
"तासभर. मग पुन्हा खोकला."
"त्याचं नाही विचारलं, ताई."

मामंजी सांगायचे, हरिपुरात पेव उघडलं
की आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचे.
विझला, तर आत हवा नाही.
मग कुणी उतरायचं नाही.
तोंड उघडं ठेवायचं,
काठावर बसून राहायचं.

सिस्टरनं स्टूल ओढलं.
बाहेर तेवीस नंबरचा पुकारा झाला, दोनदा.
ती उठली नाही.