एक मिलिमीटर

डडलीच्या पबमागे, थंडीत,
म्हाताऱ्या पार्डोचा हट्ट: साडेपाचचाच छर्रा.
"जड असतो, वाऱ्याला जुमानत नाही.
कागदावर भोक मोठं,
रेघेला नुसतं शिवलं तरी गुण पदरात."

थर्झा साडेचारवाली.
तिचे पाच छर्रे एकाच भोकात,
वाटाण्याएवढ्या.
बोलत नाही, कार्ड पुढे सरकवते.

पण गुरुवारी आत, कागद नसतो.
लोखंडी पत्रा, करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक,
मागे घंटा.
इथे जाडीला माफी नाही.

ठक्. पुन्हा ठक्.
पार्डो म्हणाला, बिअर कोमट आहे.

आज त्याच्या कोटाच्या खिशात
डबी बारीक वाजते,
सुपातल्या कणीसारखी.
थर्झाने ऐकलं.
फळ्याखाली वाकून
खडू शोधत राहिली,
घंटा होईपर्यंत.